हयातीच्या दाखल्याबरोबर विम्याचीही तपासणी व्हावी
रायपूरमधील ज्येष्ठ नागरिक आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी पत्रक

आरोग्य विम्याचा करार सहसा एका वर्षाचा असतो आणि दरवर्षी तो नव्याने होतो. त्या वर्षभरात हप्ता बदलतो, अटी बदलतात, कॅशलेस रुग्णालयांची यादी बदलते. विमा घेणाऱ्याचे वय वाढते, आजार वाढतात. तरीही तात्यापारा, बुढापारा, चौबे कॉलनी अशा वस्त्यांतील अनेक निवृत्त घरांत नूतनीकरण म्हणजे बँक खात्यातून परस्पर वळती होणारी रक्कम, एवढेच त्याचे रूप उरले आहे. पॉलिसीत काय लिहिले आहे ते रुग्णालयाच्या बिलिंग काउंटरवर कळते, आणि तेव्हा काहीही बदलता येत नाही. विमा वर्षातून एकदा, ठरलेल्या वेळी, कागद समोर ठेवून तपासला गेला पाहिजे आणि ही तपासणी सरकारने व समाजाने मिळून घडवून आणली पाहिजे, हे या पत्रकाचे म्हणणे आहे.

नूतनीकरण ही निवड असते, हे सर्वांत स्पष्टपणे दिसते ते बँकांतून निवृत्त झालेल्यांच्या बाबतीत. इंडियन बँक्स असोसिएशनच्या समूह विम्यात निवृत्तांचे वर्ष 1 नोव्हेंबरला सुरू होते आणि 31 ऑक्टोबरला संपते. सेवेतील कर्मचाऱ्यांचा हप्ता बँक भरते; निवृत्तांना तो स्वतःच्या खिशातून भरावा लागतो. ऑक्टोबरात परिपत्रक येते आणि थोड्या दिवसांत ठरवावे लागते: योजनेत राहायचे की नाही, मूळ विमा किती रकमेचा, बाह्यरुग्ण उपचारांसह की त्याशिवाय, सुपर टॉप-अप घ्यायचा का. हप्ता वाढला म्हणून रागाने बाहेर पडणाऱ्याला पुन्हा आत येण्याची खात्री नसते, आणि सत्तरीच्या पुढे नवी खासगी पॉलिसी मिळवणे फार महाग पडते. भिलाई पोलाद कारखान्यातून निवृत्त होऊन रायपूरला स्थायिक झालेल्यांच्या सेल मेडिक्लेम योजनेचेही दरवर्षी नूतनीकरण होते. तिथेही मुदत चुकली की त्रास ठरलेला.

टॉप-अप आणि सुपर टॉप-अप यांतला फरक एका हिशेबाने कळतो. तीन लाखांच्या मर्यादेवरची पॉलिसी आहे आणि एकाच वर्षात दोनदा रुग्णालयात भरती व्हावे लागले. पहिले बिल दीड लाखाचे, दुसरे दोन लाखांचे. साधा टॉप-अप प्रत्येक बिल स्वतंत्र मोजतो. दोन्ही बिले तीन लाखांच्या आत असल्याने तो काहीच देत नाही. सुपर टॉप-अप वर्षाची बेरीज पाहतो. ती साडेतीन लाख झाली, म्हणून वरचे 50,000 रुपये देतो. म्हातारपणी आजार एकदाच येऊन थांबत नाहीत, त्यामुळे ज्येष्ठांना सुपर टॉप-अपच उपयोगी.

खासगी पॉलिसीत सर्वाधिक नुकसान होते ते खोलीभाड्याच्या मर्यादेने. पाच लाखांच्या पॉलिसीत दिवसाचे खोलीभाडे एक टक्का, म्हणजे 5,000 रुपये असेल आणि रुग्ण 8,000 रुपयांच्या खोलीत राहिला, तर केवळ 3,000 रुपयांचा फरक भरून सुटका होत नाही. डॉक्टरांची फी, शस्त्रक्रियागृहाचे शुल्क, शुश्रूषा असे खोलीच्या दर्जानुसार वाढणारे खर्चही पाचास आठ या प्रमाणात कापले जातात. अशा खर्चाचे 1,60,000 रुपये झाले असतील, तर विमा 1,00,000 देतो आणि 60,000 घरच्यांना भरावे लागतात. औषधे, शरीरात बसवलेली उपकरणे, तपासण्या आणि अतिदक्षता विभागाचे शुल्क यांना ही कपात लावता येत नाही, हे मात्र फार थोड्यांना माहीत असते. को-पे हे असेच दुसरे कलम. वीस टक्के को-पे म्हणजे तीन लाखांच्या मंजूर बिलातले 60,000 रुपये रुग्णाचे. हप्ता कमी दिसावा म्हणून ज्येष्ठांच्या पॉलिसीत हे कलम घातले जाते, आणि विकताना त्याचा उल्लेख हलक्या आवाजात होतो. पॉलिसीसोबत मिळणाऱ्या माहितीपत्रकात या दोन्ही गोष्टी साध्या भाषेत लिहिलेल्या असतात. ते पत्रक वाचायला अर्धा तासही लागत नाही.

गेल्या काही वर्षांत नियम विमाधारकाच्या बाजूने झुकले आहेत. विमा नियामक इर्डाने 1 एप्रिल 2024 पासून आधीच्या आजारांसाठीचा प्रतीक्षा काळ जास्तीत जास्त तीन वर्षांवर आणला. पूर्वी तो चार वर्षांचा होता. पॉलिसी सलग पाच वर्षे चालू राहिली की, फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज, माहिती लपवल्याचे कारण देऊन कंपनीला क्लेम नाकारता येत नाही. पूर्वी त्यासाठी आठ वर्षे लागत. कॅशलेसच्या विनंतीवर एका तासात आणि डिस्चार्जच्या वेळी तीन तासांत निर्णय देणे कंपनीवर बंधनकारक आहे. आदल्या वर्षी क्लेम घेतला म्हणून नूतनीकरण नाकारता येत नाही. जानेवारी 2025 मध्ये इर्डाने आदेश दिला की साठीवरील विमाधारकांचा हप्ता वर्षाला दहा टक्क्यांहून अधिक वाढवायचा असेल, तर कंपनीने आधी नियामकाशी सल्लामसलत करावी. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आणि कौटुंबिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा 18 टक्के जीएसटीही गेला. नूतनीकरणाची नोटीस हातात आली की त्यात कर आकारलेला नाही ना आणि मूळ हप्ता किती चढवला आहे, या दोन आकड्यांकडे आधी पाहावे.

कंपनी पसंत नसेल, तर पॉलिसी पोर्ट करता येते. हा हक्क 2011 पासून आहे आणि प्रतीक्षा काळाची पूर्ण केलेली वर्षे नव्या कंपनीत बरोबर येतात. त्यासाठी अर्ज मुदत संपण्याच्या किमान 45 दिवस आधी करावा, म्हणजे घाई होत नाही. नवी कंपनी अर्ज नाकारू शकते, म्हणून तिचा होकार लेखी हाती येईपर्यंत जुनी पॉलिसी बंद पडू देऊ नये. वार्षिक हप्त्याच्या पॉलिसीला मुदतीनंतर 30 दिवसांची सवलत असते. तीही उलटली तर जमवलेली सारी वर्षे वाया जातात. पासष्टीनंतर हे नुकसान भरून निघत नाही.

सरकारी कार्डांबद्दल रायपूरमध्ये फार मोठे गैरसमज आहेत. प्रधानमंत्री जन आरोग्य योजना 23 सप्टेंबर 2018 रोजी रांचीहून सुरू झाली. छत्तीसगडमध्ये ती राज्याच्या योजनेशी जोडलेली आहे, पूर्वी डॉ. खूबचंद बघेल यांच्या नावाने असलेली ही योजना आता शहीद वीर नारायण सिंह यांच्या नावाने चालते. अंत्योदय आणि प्राधान्य रेशन कार्ड असलेल्या कुटुंबांना वर्षाला पाच लाखांपर्यंत आणि बाकी रेशन कार्डधारकांना 50,000 रुपयांपर्यंत उपचार, अशी तिची रचना. मध्यमवर्गीय मराठी घरे बहुतेक या दुसऱ्या गटात येतात आणि आपल्याला फक्त पन्नास हजारांचेच संरक्षण आहे असे धरून चालतात. घरात सत्तरीचे कोणी असेल, तर ते चुकीचे आहे.

29 ऑक्टोबर 2024 पासून 70 वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येक नागरिकाला, उत्पन्न कितीही असले तरी, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते. त्यावर वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. नवरा-बायको दोघेही सत्तरीपुढचे असतील, तर ही रक्कम दोघांत मिळून एक. ज्या कुटुंबाला आधीच पाच लाखांचे कार्ड आहे, तिथे ज्येष्ठांना हे पाच लाख वेगळे मिळतात आणि घरातल्या तरुणांना ते वापरता येत नाहीत. आधीचे आजार पहिल्या दिवसापासून धरले जातात. नोंदणी आधारच्या ई-केवायसीने होते. आयुष्मान अॅपवर घरबसल्या किंवा जवळच्या च्वाइस सेंटरवर. वय आधारवरचेच धरले जाते, म्हणून जन्मतारीख चुकलेली असेल तर आधी ती दुरुस्त करावी. शंकांसाठी 14555 हा टोल फ्री क्रमांक आहे.

हे कार्ड प्रत्येक सत्तरीपार माणसाने काढलेच पाहिजे. पण कार्ड मिळाले म्हणून खासगी पॉलिसी सोडणे हा धोक्याचा निर्णय आहे. कार्डावर फक्त भरती होऊन घेतलेले उपचार मिळतात. महिन्याच्या रक्तदाब-मधुमेहाच्या गोळ्या, डॉक्टरची फी, बाहेरच्या तपासण्या मिळत नाहीत. भरतीपूर्वीचे तीन आणि नंतरचे पंधरा दिवस एवढाच काळ त्यात धरला जातो. ते योजनेत नोंदलेल्या रुग्णालयांतच आणि ठरलेल्या पॅकेजांपुरतेच चालते. खासगी रुग्णालये आणि राज्य सरकार यांच्यात थकीत बिलांवरून वाद झालेले आहेत आणि अशा काळात रुग्णाला दाराशी थांबावे लागते. डॉ. आंबेडकर रुग्णालय, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेले मेकाहारा, आणि एम्स हे आधार आहेतच. पण आणीबाणीच्या रात्री जवळच्या रुग्णालयात कार्ड चालते का, हे आधीच माहीत असलेले बरे. वर्षातून दोनदा पुण्याला किंवा नागपूरला मुलांकडे राहणाऱ्यांनी तिथल्या घराजवळचे नोंदणीकृत रुग्णालयही पाहून ठेवावे.

केंद्र सरकारच्या निवृत्तांची गोष्ट वेगळी आहे. सीजीएचएस किंवा माजी सैनिकांची ईसीएचएस योजना ज्यांच्याकडे आहे, त्यांना ती योजना किंवा वय वंदना यांपैकी एकच निवडता येते. रायपूरमध्ये सीजीएचएसची सोय आहे. तिथे बाह्यरुग्ण सल्ला आणि नियमित औषधेही मिळतात, जी वय वंदनात नाहीत. अशा माणसाने शिबिरातल्या गर्दीत, कोणी सांगितले म्हणून, निवड बदलू नये. खासगी विमा असणाऱ्यांना मात्र कार्डाची पूर्ण मुभा आहे. त्यांना काहीही सोडावे लागत नाही.

अमेरिकेत मुलांकडे ग्रीन कार्डावर राहणारे रायपूरचे काही आईवडील तिथल्या मेडिकेअरशी परिचित आहेत. 1965 मध्ये कायद्याने आलेली ही योजना मुख्यतः पासष्टीपुढच्या लोकांसाठी आहे. तिच्यात निवड तपासण्याचा काळ ठरलेला आहे: 15 ऑक्टोबर ते 7 डिसेंबर. मेडिकेअरअंतर्गत खासगी योजना चालवणाऱ्या कंपन्यांना पुढच्या वर्षी काय बदलणार याची लेखी सूचना 30 सप्टेंबरपर्यंत पाठवावी लागते, आणि घेतलेला निर्णय 1 जानेवारीपासून लागू होतो. प्रत्येक राज्यात विनामूल्य सल्ला देणारी केंद्रे असतात, जी कोणत्याही कंपनीची पॉलिसी विकत नाहीत. त्या व्यवस्थेत दोष पुष्कळ आहेत, खर्चही अफाट आहे. हिवाळा रायपूरला काढणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे की मूळ मेडिकेअर भारतातल्या उपचारांचे पैसे सहसा देत नाही. पण ठरलेला काळ, आगाऊ लेखी सूचना आणि विक्रीशी संबंध नसलेला सल्ला या तीन गोष्टी घेण्यासारख्या आहेत, आणि त्यांना मोठा खर्चही लागत नाही.

छत्तीसगडमध्ये त्यासाठी नोव्हेंबर हा महिना तयारच आहे. केंद्राचे निवृत्त वेतनधारक याच महिन्यात हयातीचा दाखला देतात; ऐंशी वर्षांवरील लोकांना ती सोय 1 ऑक्टोबरपासून असते. त्यासाठी ज्येष्ठ घराबाहेर पडतात, बँकेत किंवा केंद्रावर आधार दाखवून बोटाचा ठसा देतात. त्याच टेबलाशेजारी दुसरे टेबल मांडून वय वंदना कार्ड आहे का, चालू आहे का, रेशन कार्डाशी कुटुंबाची नोंद जुळते का, एवढे पाहिले तरी कितीतरी घरांचे नुकसान टळेल. वस्तीत काम करणाऱ्या मितानिन, म्हणजे आरोग्य स्वयंसेविका, कोणाच्या घरी अंथरुणाला खिळलेले वृद्ध आहेत हे जाणतात; त्यांच्या मदतीने, आणि त्या कामाचा मोबदला त्यांना देऊन, ई-केवायसी घरी जाऊन करता येईल. राज्य सरकारने असा तपासणी-पंधरवडा दर नोव्हेंबरात जाहीर करावा. नोंदणीकृत रुग्णालयांची विभागवार यादी वॉर्ड कार्यालयांत लावावी आणि थकबाकीमुळे एखादे रुग्णालय कार्ड घेत नसेल, तर तेही त्याच फलकावर लिहावे. विमा कंपन्यांनी नूतनीकरणाच्या दोन महिने आधी काय बदलले हे एका पानावर, हिंदीत आणि मोठ्या अक्षरांत कळवावे, असा नियम इर्डाने करावा. एजंटाचे उत्पन्न कमिशनवर चालते. त्याच्याकडून निःपक्ष सल्ल्याची अपेक्षा ठेवणे त्याच्यावरही अन्याय आहे.

क्लेम नाकारला गेला तर गप्प बसू नये. कंपनीच्या समितीने तपासल्याशिवाय क्लेम फेटाळता येत नाही आणि नकाराचे कारण पॉलिसीतल्या कलमासह लेखी द्यावे लागते. कंपनीकडे तक्रार केल्यावर 30 दिवसांत समाधान झाले नाही, तर इर्डाच्या बीमा भरोसा पोर्टलवर किंवा विमा लोकपालाकडे जाता येते. छत्तीसगडसाठी लोकपालाचे कार्यालय भोपाळला आहे. फी नाही, वकील लागत नाही, आणि 50 लाखांपर्यंतच्या तक्रारी तिथे चालतात.

चौबे कॉलनीतील महाराष्ट्र मंडळाने, बँक व पोलाद कारखान्याच्या निवृत्त संघटनांनी आणि प्रत्येक ज्येष्ठ नागरिक संघाने येत्या नोव्हेंबरातच अशी तपासणी-शिबिरे भरवावीत. ज्येष्ठांनी आधार, रेशन कार्ड, पॉलिसी आणि नूतनीकरणाची शेवटची नोटीस बरोबर घेऊन यावे, आणि मुला-सुनांपैकी एकाने तरी सोबत यावे.