आजीचे वाचन

वाचनाची गोडी एकान्तात लागते, असे सांगतात. मला ते पटत नाही. आमच्या कोल्हापुरात १८५० साली स्थापन झालेले करवीर नगर वाचन मंदिर आहे. तेथून आणलेली पुस्तके लहानपणी मी आजीला वाचून दाखवीत असे. तिला अक्षरओळख नव्हती. पण कंटाळून मी एखादे पान गाळले, की ती लगेच म्हणे, "मधलं राहिलं की रे!" तिच्यासाठी वाचता वाचता मीच पुस्तकांत गुंतलो. उतारवयात दृष्टी गेल्यावर वि. स. खांडेकरांसारख्या थोर लेखकालाही दुसऱ्याच्या तोंडूनच पुस्तके ऐकावी लागली. मुलांनो, तुमच्या घरीही असा श्रोता असेल. आजी गेली तेव्हा आमचे एक पुस्तक अर्धे राहिले होते. पुढे ते मी एकट्याने वाचले. एकही पान गाळले नाही.