पैसा कुणाचा, हे कुणाकुणाला सांगायचे?



निधीचा विषय निघाला की आपल्या बैठकीत दोन तट पडतात. परका पैसा आला की कार्यक्रमही परक्यांचाच येतो, असे एकीचे म्हणणे. घरची भाकरी बांधून आणि पदरचे एसटीभाडे भरून बायकांनी किती वर्षे राबायचे, असा दुसरीचा सवाल. स्वायत्त स्त्री-संघटना उभ्या राहिल्या तेव्हापासूनचा हा वाद आहे. तो या पानावर मिटणार नाही. मला आज त्याच्या अलीकडच्या प्रश्नाबद्दल लिहायचे आहे. कुणाची मदत घ्यायची हे ठरल्यावर, ती घेतल्याचे कुणाकुणाला सांगायचे?

परदेशी विद्यापीठाबरोबर संशोधनात उतरणाऱ्या गटांकडून हा प्रश्न वारंवार येतो. एका निधीसंस्थेला दुसरीचे नाव कळले तर ती हात आखडता घेईल, ही भीती त्यामागे असते. ही भीती समजण्यासारखी आहे. तरीही माझे मत स्पष्ट आहे: सांगावे, सगळे सांगावे आणि विचारण्याआधी सांगावे.

बाहेर काय नियम आहेत ते पाहू. अमेरिकेची आरोग्य संशोधनाला पैसा देणारी सरकारी संस्था एनआयएच आपल्या संशोधकांकडून 'इतर साहाय्या'ची यादी मागते. त्यात फक्त रोख रक्कम येत नाही. दुसरीकडून मिळालेली उपकरणे आणि बाहेरच्या पैशावर काम करणारे मनुष्यबळही त्यात येते. संशोधनाचा महत्त्वाचा भाग अमेरिकेबाहेर होणार असेल, तर त्यावर त्यांचा पैसा खर्च होवो वा न होवो, तो कळवावा लागतो. म्हणजे आपल्या वस्तीत आपल्या कार्यकर्तीने भरलेल्या मुलाखतीही तिकडच्या कागदावर 'परदेशी घटक' म्हणून नोंदल्या जाऊ शकतात. २०२२पासून तर परदेशी संस्थांशी झालेल्या करारांच्या प्रतीही जोडाव्या लागतात. त्या इंग्रजीत नसतील तर भाषांतर द्यावे लागते.

इथे मी थबकते. निधी देणाऱ्यासाठी इंग्रजी भाषांतराची सक्ती आहे. ज्या बाईच्या शरीरावर, ज्या बाईच्या घरात हे संशोधन होते, तिच्यासाठी त्याच कराराचे मराठी भाषांतर कुणी मागितले आहे का?

हे पुस्तकी शहाणपण नव्हे. आपल्याच महाराष्ट्रात घडलेली दोन उदाहरणे आहेत. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीबद्दल १९९८पासून मुंबईच्या वस्त्यांमध्ये दीड लाख स्त्रियांवर अभ्यास झाला. पैसा अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेचा होता. दुसरा अभ्यास उस्मानाबाद (आजचे धाराशिव) जिल्ह्यात १९९९च्या सुमारास सुरू झाला. त्यात सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रिया होत्या आणि पैसा गेट्स फाउंडेशनचा होता. दोन्हींतून मोलाची माहिती मिळाली, हे मान्य केले पाहिजे. साध्या ॲसिटिक ॲसिडच्या तपासणीने या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटतात, हे मुंबईच्या अभ्यासाने २०१३ साली दाखवून दिले. पण दोन्हीकडे तुलनेसाठी एक गट तपासणीविना ठेवला होता. तपासणीचा उपयोग होतो हे श्रीमंत देशांना आधीच माहीत असताना, गरीब बायांना तपासणीविना ठेवून मृत्यू मोजायचे का, यावर पुढे मोठा वाद झाला.

या वादात पैशाचा उगम फार महत्त्वाचा ठरला. मुंबईच्या अभ्यासाला अमेरिकन सरकारचा पैसा होता, म्हणून तिकडच्या सरकारच्या संशोधन-संरक्षण कार्यालयाकडे तक्रार करता आली. स्त्रियांना दिलेली माहिती संमतीसाठी पुरेशी नव्हती, असा निष्कर्ष त्या कार्यालयाने काढला. निव्वळ खाजगी फाउंडेशनच्या पैशावर त्या कार्यालयाचा अधिकार चालत नाही. कर्करोग तोच, राज्य तेच, बायकाही तशाच गरीब. पण दाद मागायचा दरवाजा एकीला होता आणि दुसरीला नव्हता. पैसा कुणाचा हे कळणे म्हणजे दाद कुठे मागायची हे कळणे. म्हणूनच हिशेब उघडा असणे हा आपल्या हक्काचा प्रश्न आहे.

२००९ सालचे एचपीव्ही लशीचे प्रकरण आपल्याला आठवत असेल. तेव्हाच्या आंध्रातील खम्मम आणि गुजरातेतील वडोदरा जिल्ह्यांत १० ते १४ वर्षांच्या सुमारे २४ हजार मुलींना लस देण्याचा प्रकल्प पाथ या अमेरिकन संस्थेने राबवला. त्यातही पैसा गेट्स फाउंडेशनचा होता आणि लस कंपन्यांनी फुकट दिली होती. वसतिगृहातल्या आदिवासी मुलींच्या संमतिपत्रांवर वॉर्डनच्या सह्या निघाल्या. स्त्री-आरोग्य गटांनी आवाज उठवल्यावर एप्रिल २०१०मध्ये प्रकल्प थांबला आणि २०१३च्या ऑगस्टमध्ये संसदीय स्थायी समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले. लशीला माझा विरोध नाही. त्या मुलींच्या आईबापांना हे कुणाचे काम आहे हे कळले नव्हते, याला आहे.

आता दुसरी बाजू. 'उघड करा' ही मागणी सत्तेच्या हातात काठीही होते. अमेरिकेत २०१८च्या नोव्हेंबरात चीनशी संबंध लपवल्याच्या संशयावरून मोहीम उघडली गेली. चिनी वंशाच्या अनेक प्राध्यापकांवर खटले भरले गेले. त्यातले काही कोर्टात टिकले नाहीत आणि २०२२च्या फेब्रुवारीत ती मोहीम गुंडाळावी लागली; पण तोवर कित्येकांच्या नोकऱ्या गेल्या होत्या. आपल्याकडे एफसीआरए कायदा १९७६पासून आहे. २०२०च्या दुरुस्तीने नोंदणीकृत संस्थेला आपल्या परदेशी निधीतला वाटा दुसऱ्या संस्थेला द्यायला बंदी केली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली. तालुक्याच्या गावी काम करणाऱ्या छोट्या गटांना याचाच मोठा फटका बसला. कार्यकर्तीचा पगार हा 'प्रशासकीय खर्च' की काम, हे दिल्लीत बसून ठरते.

काठी आहे म्हणून लपवावे का? माझ्या मते नाही. लपवलेली गोष्ट हीच त्या काठीची मूठ असते. जिचा हिशेब फळ्यावर लिहिलेला आहे, तिला धमकावणे अवघड जाते. शिवाय राज्यकर्त्यांकडे आणि कंपन्यांकडे आपण पारदर्शकता मागतो, ती मागण्याचे बळ इथूनच येते.

म्हणून प्रत्येक गटाने एक साधे पान तयार करावे असे मला वाटते. कुणाकडून किती पैसा आला, प्रवासखर्च आणि मानधन कुणी दिले, लॅपटॉप कुणाचा, परदेशी विद्यापीठाशी करार काय, गोळा केलेली माहिती कुणाच्या ताब्यात जाणार आणि लेखावर नाव कुणाचे येणार, हे सारे त्या एका पानावर असावे. तेच पान प्रत्येक निधीसंस्थेला द्यावे. एकीला एक आणि दुसरीला दुसरे, असे नको. तेच पान मासिक बैठकीत मोठ्याने वाचावे आणि वस्तीत मराठीत सांगावे. ऐकून एखादी 'मला नाही यायचे यात' म्हणाली, तर तेही तितक्याच मानाने नोंदवावे.

मात्र एक सीमा पक्की हवी. उघडा करायचा तो आपला व्यवहार. आपल्याकडे विश्वासाने बोललेल्या बाईचे नाव, तिची मारहाण, तिचा गर्भपात, तिचा आजार हे त्या पानावर येत नाही. मग मागणारा मंत्रालयातला असो की परदेशी विद्यापीठातला. निधी देणाऱ्याला आपला हिशेब विचारायचा अधिकार आहे. तिच्या आयुष्याचा हिशेब विचारायचा नाही.

तुमच्या गटाने असे पान केले असेल, किंवा केल्यावर निधी गेला असेल, तर जरूर लिहा. पुढच्या अंकात जागा राखून ठेवली आहे.