वारेजवळचे रक्त मोजून लिहा

गरोदरपणी अंगावरून रक्त गेले की सोनोग्राफी होते. ‘वारेजवळ रक्त साकळले आहे’ एवढाच शेरा घेऊन सून लातूरहून माहेरी नांदेडला येते. मी तुलना कशाशी करू? गुठळी केवढी, वारेच्या कडेला की मागे, कितवा आठवडा, बाळाचे ठोके कसे, हे रिपोर्टात हवेच. सुरुवातीच्या महिन्यांतली लहान गुठळी बहुधा आपोआप जिरते. ताजे रक्त मात्र पडद्यावर वारेसारखेच दिसते, म्हणून निसटते. सातव्या-आठव्या महिन्यात पोट दगडासारखे कडक होऊन दुखत असेल, तर रक्त दिसो वा न दिसो, रिपोर्ट चांगला असला तरी तडक रक्तपेढी असलेले मोठे रुग्णालय गाठा. दोन्ही शहरांत शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. जाताना जुने रिपोर्ट न्या. रक्तगट निगेटिव्ह असेल तर तेही सांगा.