दिवा पेटलाय, पण पीयूसी पास!

तर झालं असं, की माझ्या गाडीची पीयूसी संपली. आता यात लिहिण्यासारखं काय? शे-दीडशे रुपये टेकवायचे, कागद घ्यायचा, वर्षभर काचेला चिकटवून ठेवायचा. मीही आजवर तेच करत आलो होतो. पण या वेळी अडलं, आणि ते अडलेलं प्रकरण निस्तरता निस्तरता जे कळलं त्याने माझं डोकं फिरलं. ते इथे ओततोय.

गाडी पुण्याहून सेकंडहँड घेतलेली. २०१४ चं मॉडेल, डिझेल, बीएस-४. विकणारा म्हणाला होता, "रीमॅप केलेली आहे, पिकअप बघा फक्त!" ते काही खोटं नव्हतं. रामलिंगच्या घाटात गाडी अशी उचलायची की शेजारचा माणूस दाराची कडी धरून बसायचा. मी खूश. आपल्या गाडीच्या मागे काय चाललंय ते पुढे बसणाऱ्याला दिसत नाही, हा मोटारीचा जुनाच दोष. मला ते दिसलं येडशीत. लातूर-बार्शी रस्त्यावरून हायवेला लागताना गाडी जरा जोरात काढली, सहज आरशात पाहिलं, तर शाळेतून घरी निघालेल्या चार-पाच पोरी ओढणीने नाक झाकून उभ्या. त्यांच्याभोवती काळा ढग. माझाच.

त्याच आठवड्यात धाराशिवला पीयूसीला गेलो. डिझेल गाडीची तपासणी म्हणजे इंजिन गरम करून गाडी जागेवर उभी असताना पाच-सहा वेळा रेस पूर्ण दाबायची आणि धुराचा दाटपणा मोजायचा. बीएस-४ ला मर्यादा १.६२. माझा आकडा आला २.९. पीयूसीवाला पोरगा अजिबात गडबडला नाही. "काय ताण घ्यायलाव मालक? नळी अर्धी भाईर ठेवून घेऊ की."

मी नाही म्हणालो. कृपा करून याला प्रामाणिकपणा समजू नका. त्या पोरी डोळ्यांसमोर होत्या हे खरं, पण त्याहून जास्त म्हणजे मला चीड आली होती. मशीन आहे, संगणक आहे, नंबरप्लेटचा फोटो थेट सरकारी पोर्टलवर जातो, आणि सगळं अडतं कुठे, तर नळी किती आत घालायची यावर!

मग सुरू झाली शोधाशोध. ऑनलाइन सातशे-आठशे रुपयांना एक छोटा स्कॅनर मिळतो. तो स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये लावला की इंजिनचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू, मोबाईलवर बोलायला लागतो. विचारलं, बाबा रे, काही दुखतंय का? उत्तर आलं, एकही दोष नाही. मागून भट्टीसारखा धूर, आणि पेशंट म्हणतो मी ठणठणीत. संशय इथेच आला.

मग चालू आकडे बघत बसलो. डिझेल इंजिनात ईजीआर नावाची एक झडप असते. ती थोडा जळालेला वायू परत इंजिनात सोडते. त्याने आतली आच कमी होते आणि नायट्रोजनचे ऑक्साइड कमी तयार होतात. ही झडप उघडली की बाहेरून येणारी ताजी हवा तेवढी कमी व्हायला हवी, साधा हिशोब आहे. माझ्या गाडीत ईसीयू झडप उघडल्याचं सांगत होता, आणि हवेचा आकडा ढिम्म हलत नव्हता. येडशीतल्या फिटरला दाखवलं. त्याने खाली वाकून बघितलं आणि हसला. "पट्टी मारलीय हितं." झडपेच्या तोंडावर पोलादी पत्र्याचा तुकडा ठोकलेला. रस्ताच बंद. मग ईसीयूने तक्रार कशी केली नाही? कारण रीमॅप करणाऱ्याने तक्रार करायची ओळच सॉफ्टवेअरमधून बंद करून टाकली होती. आजार बरा करायचा नाही, पेशंटची जीभ कापायची.

धुराचं कारण मात्र वेगळं होतं. किती हवा आत येते ते मोजून त्या मानानेच डिझेल सोडायचं, असा लगाम ईसीयूत मुळातच असतो. पिकअपसाठी तो ढिला केलेला. त्यात इंटरकूलरचा होज पाइप क्लिपखाली चिरलेला, म्हणजे दाबलेली हवा वाटेतच गळतेय. हवा कमी, डिझेल जास्त, उरलं ते काळं होऊन मागून बाहेर. पाइप बदलला, हवा मोजणारा सेन्सर साफ केला, नवा फिल्टर टाकला. आकडा १.९. अजून नापास.

शेवटी सोलापुरात एकाकडून ईसीयूत कंपनीची मूळ फाइल परत भरून घेतली. किल्ली फिरवली आणि डॅशबोर्डवर पिवळा इंजिनचा दिवा लागला. कोड आला पी०४०१, ईजीआरमधून पुरेसा वायू जात नाही. कित्येक वर्षांत गाडी पहिल्यांदा खरं बोलली!

आता पट्टी काढायची होती, पण उत्सुकता म्हणून तसाच पीयूसीला गेलो. आकडा १.१. पास! पोरग्याने खटाखट बटणं दाबली, प्रमाणपत्र हातात दिलं. समोर दिवा पेटलेला. प्रदूषण रोखणारा भाग बंद आहे असं गाडी स्वतःच्या तोंडाने सांगतेय, आणि माझ्या हातात प्रदूषण नियंत्रणात असल्याचा सरकारी कागद. मी त्याला दिवा दाखवला. तो म्हणाला, "ते आपल्याकडं येत नाई, मालक."

त्याचं चूक नव्हतं हो. खरंच ते त्याच्याकडे येत नाही. डिझेल गाडीच्या पीयूसीत फक्त धूर मोजतात, पेट्रोलच्या गाडीत कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन. नायट्रोजनचे ऑक्साइड कुठेच मोजत नाहीत, ते डोळ्यांना दिसतही नाहीत. सोळा पिनांचं सॉकेट गाडीत असतं, ते कोणी उघडत नाही. म्हणजे परीक्षा घेणारा ज्याला सगळं ठाऊक आहे त्याला सोडून बाकी सगळ्यांना विचारतो.

पुढे पट्टी काढली, जाम झालेली झडप बदलली, खिसा बराच हलका झाला, दिवा विझला. पुन्हा धूर मोजून घेतला. १.२. वाचलंत ना? खरी दुरुस्ती केल्यावर मार्क वाढले नाहीत, उलट एका ठिपक्याने घटले! या परीक्षेच्या लेखी मी केलेला खर्च शुद्ध मूर्खपणा आहे.

माझं भांडण इथे आहे. कायदा कमी पडतो असं नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीच्या मूळ रचनेत परस्पर बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर असा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पीयूसी नसेल तर दहा हजारांपर्यंत दंड. दंड कागद नसल्याचा आहे, आणि कागद पट्टी मारलेल्या गाडीलाही मिळतो. मग पट्टी कोण काढेल? दिल्लीतल्या वाहनांच्या प्रदूषणावरचा कॅगचा अहवाल २०२५ साली तिथल्या विधानसभेत मांडला गेला. मर्यादेबाहेरचे आकडे नोंदलेले असतानाही एक लाखाहून जास्त गाड्यांना प्रमाणपत्रं दिल्याचं त्यात आहे. राजधानीत ही तऱ्हा, तर आमच्या हायवेवर काय बोलायचं?

आणि ईसीयूला खोटं बोलायला शिकवणं हा काही गल्लीतल्या मिस्त्रीचा शोध नव्हे. २०१५ च्या सप्टेंबरात फोक्सवॅगन पकडली गेली ती याचसाठी. आपली तपासणी चालू आहे हे त्यांच्या गाडीचं सॉफ्टवेअर ओळखायचं आणि तेवढ्यापुरतं सभ्य वागायचं. जगभरात एक कोटीहून जास्त गाड्या. त्यांचं बिंग फुटायला सुरुवात झाली ती वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या एका छोट्या गटामुळे, ज्यात हेमंत कप्पण्णा आणि अरविंद तिरुवेंगडम हे आपल्याकडचे दोघे होते. त्यांनी केलं काय, तर यंत्र डिकीत ठेवून गाडी रस्त्यावर पळवली. पुण्याच्या एआरएआयनेही नंतर इथल्या गाड्या तपासल्या, कंपनीला सव्वातीन लाखांच्या आसपास गाड्या परत बोलवायचं जाहीर करावं लागलं. २०१९ साली हरित लवादाने ५०० कोटींचा दंड सुनावला, पुढे सुप्रीम कोर्टाने सक्तीची कारवाई थांबवली. तर मंडळी, कंपनीने केला तो घोटाळा, आणि आपण तीन-चार हजार देऊन केलं की 'पिकअप'?

उपाय काही चंद्रावरून आणायचा नाही. २०१३ च्या एप्रिलपासून बीएस-४ गाड्यांत बिघाड पकडणारी दुसऱ्या टप्प्याची यंत्रणा सक्तीची आहे. पीयूसी केंद्रावर ते सॉकेट जोडा. दिवा पेटलाय का, कोड आहेत का, कोड कालच पुसलेत का, एवढं बघा. पुसलेलेही कळतात, कारण पुसल्यावर ईसीयूच्या स्वतःच्या चाचण्या काही काळ अपुऱ्या दिसतात. कॅलिफोर्नियात तर २०२१ च्या जुलैपासून सॉफ्टवेअर मूळचं आहे की बदललेलं तेही तपासतात, बदललेलं असेल तर गाडी नापास.

यावर लोक काय म्हणतात ते मला पाठ आहे. एक, "ईजीआर सारखी चोंदते, बदलायला परवडत नाही." हे खरं आहे. गावातल्या गावात फिरणाऱ्या डिझेल गाडीत काजळी साचतेच. पण मग भांडा पार्टच्या किमतीशी, वॉरंटीशी. पट्टीने तुमचा खर्च वाचत नाही, तो फक्त दुसऱ्याच्या छातीवर जातो.

दुसरं आमच्या फिटरचं. "हितं कुठलं प्रदूषण? मागं अभयारण्य हाय. २०२४ ला टिपेश्वरचा वाघ चालत आला हितं. त्येला दाखवायलाव का पीयूसी?" मी पोट धरून हसलो. पण घरी आल्यावर ते हसणं कुठेतरी अडकलं. गावची हवा मोकळी, म्हणून ती फुकट, हे फक्त फिटर म्हणत नाही. बीएस-४ चे नियम २०१० साली पहिल्यांदा तेरा शहरांत आले, त्यात आमचं शेजारचं सोलापूर होतं. सगळ्या देशाला ते लागू व्हायला २०१७ चा एप्रिल उजाडला. हायवेवर दीड तास खाली गेलं की एक फुप्फुस, आणि वर आलं की दुसरं? सरकारने तेव्हा जे केलं तेच आता आपण आपल्या पोरांशी करतोय, एवढंच.

तिसरं, "ट्रक बघा, कारखाने बघा, आधी त्यांना धरा." धरा की! पण ट्रकवाला तुमच्याकडे बोट दाखवतो आणि तुम्ही ट्रककडे, तेवढ्यात ओढणीने नाक झाकलेली पोरगी रस्ता ओलांडून गेलेली असते.

असो. गाडी आता घाटात पूर्वीसारखी उचलत नाही. तिसऱ्याचा दुसरा गिअर टाकावा लागतो, मागचा टेम्पोवाला हॉर्न मारतो. पुढच्या पीयूसीला मला पुन्हा तोच कागद मिळेल, जो पट्टी असतानाही मिळाला होता. फक्त येडशीत हायवेला लागताना आरशात बघायला आता भीती वाटत नाही.

तुमच्या डॅशबोर्डवर दिवा आहे का हो? की त्याचीही जीभ कापलीय?