आधी हातोडी, मग ब्रश

दिल्लीला बदली झाली की गावाकडची मंडळी हमखास म्हणतात, "बरं झालं, खाऱ्या हवेतून सुटलात. तिकडे भिंतीचा रंग तरी टिकेल." रंग टिकतो, हे खरं आहे. पण रंग टिकला म्हणजे घर टिकलं, हा जो हिशोब आपण करतो तो साफ चुकीचा आहे. आणि या हिशोबावर आपल्यातल्या कितीतरी जणांनी ग्रॅच्युइटी, पीएफ आणि बायकोचे दागिने एनसीआरमधल्या फ्लॅटमध्ये घातले आहेत.

गुरुग्राम, सेक्टर १०९, चिंटेल्स पॅराडिसो. १० फेब्रुवारी २०२२ ला डी टॉवरमध्ये सहाव्या मजल्यावरच्या घराची जमीन खचली आणि एकेक स्लॅब घेत थेट पहिल्या मजल्यापर्यंत आली. दोन महिला गेल्या. आयआयटी दिल्लीने तपासणी केली, तेव्हा दुखणं निघालं काँक्रीटमधलं क्लोराईड आणि त्याने गंजलेल्या सळया. क्लोराईड म्हणजे सोप्या भाषेत मीठ. समुद्र इथून शेकडो कोस लांब, आणि इमारत मिठाने खाल्ली!

यात नवल वाटायचं कारण नाही. याच गुरुग्राम जिल्ह्यात सुलतानपूर-फर्रुखनगरच्या पट्ट्यात इंग्रजांच्या काळी विहिरींच्या खाऱ्या पाण्यापासून मीठ काढत, आणि 'सुलतानपुरी मीठ' म्हणून ते बाजारात जाई. म्हणजे मीठ इथल्या जमिनीतच आहे. आपल्या कोकणात ते वाऱ्यावर येतं, भिंतीवर बसतं आणि लोणा फुटून स्वतःची वर्दी देतं. इथे ते बोअरच्या पाण्यातून किंवा न धुतलेल्या वाळूतून पहिल्याच दिवशी मिक्सरमध्ये शिरू शकतं. मग वर्दी देतं कोण? कोणीच नाही. बाहेरून टॉवर झकास दिसत राहतो.

नियम नाहीत असंही नाही. आयएस ४५६ सांगतो की सळईच्या काँक्रीटसाठी वापरायच्या पाण्यात क्लोराईड लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या वर नको, आणि तयार काँक्रीटमध्ये घनमीटरला ०.६ किलोच्या वर नको. चांगल्या काँक्रीटमध्ये सळईवर एक पातळ संरक्षक थर असतो, मीठ तोच फोडतं. गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो, ती मिळाली नाही की आतून काँक्रीट फोडतो. ही लढाई आतली आहे. बाहेरून दिलेल्या दोन हातांच्या रंगाने तिथे काय होणार?

आता आपल्याच घरचं बघा. कोचीतले चंदर कुंज आर्मी टॉवर्स. आर्मी वेल्फेअर हाउसिंग ऑर्गनायझेशनचा प्रकल्प, फौजींसाठीच बांधलेला. संस्थेचं मुख्यालय इथेच दिल्लीत. २०१८ मध्ये लोक राहायला गेले. काही वर्षांत काँक्रीटचे तुकडे पडू लागले, क्लोराईडची गोष्ट तिथेही निघाली, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने बी आणि सी टॉवर पाडून नव्याने बांधायचा आदेश दिला. त्या दोन टॉवरांत २०८ फ्लॅट. ज्यांनी सियाचीनपासून नागालँडपर्यंत बोजा वाहिला, त्यांना साठीनंतर पुन्हा ट्रंका बांधायला लागल्या.

आपण फौजी या बाबतीत जरा जास्तच भोळे आहोत, आणि त्याला आपलं वळण जबाबदार आहे. इन्स्पेक्शन आलं की गेरू-चुना! झाडाचं खोड, रस्त्याकडचे दगड, विटांची कड, सगळं लाल-पांढरं. एका किनारी छावणीत मी गंजून पापुद्रे सुटलेल्या रेलिंगवर तार-ब्रश न मारता रंग चढलेला पाहिला आहे. साहेब आले, बघून गेले, पुढच्या पावसात रेलिंग हातात आली. तीच सवय घेऊन आपण सोसायटीच्या सभेत बसतो. भिंतीवर सरळ उभी भेग आहे, पार्किंगच्या बीमवर तपकिरी डाग आहे, आणि चर्चा चालते बदामी की मोतिया!

कोकणातही काही वेगळं नाही. चाकरमान्यांना गणपतीआधी घर रंगवून हवं असतं. म्हणजे जुलैच्या झडीत चिंब झालेल्या चिऱ्याच्या भिंतीवर प्लास्टिकसारखा चकचकीत रंग. आतलं पाणी बाहेर पडायला जागा नाही, ते मीठ घेऊन रंगामागे साठतं, आणि शिमग्यापर्यंत पोपडे. शिव्या मात्र रंगाच्या कंपनीला. आजोबा चुना लावत, तो दरवर्षी लावावा लागे, पण त्यातून भिंत श्वास घेई. मालवणात राजकोटावरचा पुतळा ४ डिसेंबर २०२३ ला उभा राहिला आणि २६ ऑगस्ट २०२४ ला पडला. त्याच्या नटबोल्टांना गंज चढल्याचं बांधकाम खात्याने आधी कळवलं होतं. गंज दिसला तरी थांबायचं नाही, हा रोग आपल्याकडे नवा नाही.

कोणी म्हणेल, रंग संरक्षणही करतो की. करतो, कबूल. सळई निरोगी असेल, भेगा भरल्या असतील, भिंत गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळली असेल आणि प्रायमर नीट बसला असेल, तर चांगला बाहेरचा रंग पाणी आणि हवा बरीच अडवतो. समुद्रकाठी तर तो हवाच. पण मीठ आत गेल्यावर वरून रंग देणं म्हणजे पू न काढता जखमेवर पट्टी बांधणं. कुठलाही नर्सिंग असिस्टंट तुम्हाला हे सांगेल.

शिवाय रंगाने एक गोष्ट नक्की होते: पुरावा झाकला जातो. गंजाचा डाग हा इमारतीने दिलेला रिपोर्ट आहे. तो पुसून घ्यायची घाई नेमकी ताबा देण्याच्या किंवा मेंटेनन्स सोसायटीकडे सोपवण्याच्या तोंडावर होत असेल, तर तिथे शंका घ्यायलाच हवी.

म्हणून पेन्शनर मंडळींना सांगणं आहे. पुढच्या सभेत रंगकामाचा ठराव आला की आधी तपासणीचा ठराव मांडा. बीम-कॉलमवर हातोडी वाजवली की पोकळ आवाज कळतो. ड्रिल करून काढलेल्या भुकटीत क्लोराईड मोजता येतं, प्रयोगशाळेला ते रोजचं काम आहे. सळईवर किती जाडीचं काँक्रीट आहे आणि सळई आत गंजते आहे का, हेही मोठी तोडफोड न करता तपासता येतं. खर्च येईल, पण अख्ख्या टॉवरला परांची बांधून रंग द्यायच्या खर्चापुढे तो किरकोळ असतो.

कोणी म्हणेल, "रिपोर्ट वाईट आला तर फ्लॅटचा भाव पडेल." हे वाक्य मी मोठमोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेल्यांच्या तोंडून ऐकलं आहे. त्यांना विचारा, साहेब, तो फ्लॅट तुम्ही कोणाला विकणार आहात? बहुतेक वेळा दुसऱ्या फौजीलाच.