मखमलीवरचे तीनशे रुपये

एखाद्या व्यक्तीच्या, संस्थेच्या किंवा घटनेच्या स्मरणार्थ शासन जे नाणे पाडते त्यास स्मारक नाणे म्हणतात, अशी व्याख्या नाणकशास्त्राच्या, म्हणजे नाण्यांच्या पद्धतशीर अभ्यासाच्या, कोणत्याही प्राथमिक पुस्तकात सापडते. मात्र या व्याख्येतील 'नाणे' हा शब्द गेल्या काही वर्षांत पुष्कळच सैल झाला असून त्याची डागडुजी कोणी मनावर घेतलेली दिसत नाही. नाणे हे चलन आणि चलन म्हणजे जे चालते ते, एवढा बोध शाळकरी मुलालाही असतो. जे मुळात चालावे म्हणून पाडलेलेच नाही, जे टांकसाळीतून मखमलीच्या पेटीत, पेटीतून व्यासपीठावर आणि व्यासपीठावरून कोणाच्या तरी कपाटात जाते, आणि जे पुढे करून वाण्याकडून पाव किलो शेंगदाणे आणण्याचे कोणाच्या स्वप्नातही येत नाही, त्याला सरळ पदक का म्हणू नये, हा प्रश्न २०२५ साली पुन्हा उपस्थित झाला.

निमित्त भोपाळचे. शनिवार, ३१ मे २०२५ रोजी तेथे पंतप्रधानांच्या हस्ते अहिल्याबाई होळकरांच्या त्रिशताब्दी जयंतीनिमित्त त्यांची प्रतिमा असलेले तीनशे रुपयांचे नाणे आणि एक टपाल तिकीट प्रसिद्ध झाले. अहिल्याबाईंचा जन्म ३१ मे १७२५ रोजी आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील चौंडीचा. तीनशे वर्षे म्हणून तीनशे रुपये, असा हा हिशेब. याच हिशेबाने २०१५ साली डॉ. आंबेडकरांच्या १२५व्या जयंतीला १२५ रुपयांचे आणि १ एप्रिल २०२४ रोजी मुंबईत रिझर्व्ह बँकेच्या नव्वदीला ९० रुपयांचे नाणे निघाले. २०११चा नाणे कायदा हजार रुपयांहून मोठे नाणे पाडू देत नाही, आणि तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराला हजार वर्षे झाली तेव्हा हजार रुपयांचे नाणे निघून ती मर्यादाही गाठली गेलेली आहे. तेव्हा वेरूळच्या कैलास लेण्याने आपले वय फारसे उघड न करणे श्रेयस्कर.

या समारंभाला वृत्तपत्रांनी एका पानावर 'प्रकाशन', दुसऱ्या पानावर 'अनावरण' आणि बहुतेक ठिकाणी 'विमोचन' असे म्हटले. या सदराचा लेखक शब्दांबाबत खाष्ट आहे. त्यामुळे 'विमोचना'ची दखल घेणे भाग आहे. हा शब्द संस्कृतातील 'मुच्', म्हणजे सोडणे, या धातूपासून झालेला असून ऋणविमोचन म्हणजे कर्जातून सुटका, असा त्याचा जुना आणि प्रतिष्ठित उपयोग आहे. पुस्तकाचे विमोचन हिंदीच्या संगतीने मराठीत रुळले, आणि रेशमी फितीतून पुस्तक सोडवले जात असल्याने त्याला निदान डोळ्यांसमोर आधार तरी होता. नाण्याच्या बाबतीत नेमके उलटे घडते: पेटी उघडली जाते, छायाचित्र निघते आणि पेटी मिटते. जे सुटायचे ते आतच राहते आणि सुटतात ते समारंभाला आलेले लोक, तेही आभारप्रदर्शन झाल्यावर.

अशा समारंभास उपस्थित असणाऱ्या सामान्य श्रोत्याला प्रत्यक्षात काय दिसते, याची नोंद कोणत्याही अहवालात होत नाही, म्हणून ती येथे करून ठेवणे उपयुक्त ठरेल. आजकालच्या अनेक स्मारक नाण्यांचा व्यास ४४ मिलिमीटर असतो, म्हणजे आकाराने ते एखाद्या बऱ्यापैकी पेढ्याएवढे असते, आणि व्यासपीठावरचा पेढा दहाव्या रांगेतून दिसत नाही हा अनुभव सार्वत्रिक आहे. व्यासपीठावर पाच-सहा मान्यवर एका रांगेत उभे राहून आपापली पेटी छातीशी धरतात आणि छायाचित्रकारांच्या सूचनेवरून ती किंचित पुढे कलवतात, त्या वेळी पेटीच्या पारदर्शक आवरणावर दिव्यांचा असा काही झोत पडतो की नाण्याच्या जागी एक पांढरा लखलखीत गोल तेवढा उरतो. ही अडचण ओळखून संयोजक नाण्याच्या दोन्ही बाजूंचे भलेमोठे चित्र पडद्यावर दाखवतात. श्रोता म्हणून घरी परतणाऱ्या माणसाने नाण्याचे चित्र पाहिलेले असते, नाणे पाहिलेल्यांची पाठ पाहिलेली असते, आणि घरी 'कसे होते हो नाणे?' असे विचारले गेल्यास 'मोठे होते' एवढेच उत्तर त्याला देता येते.

२८ मे २०२३ रोजी नव्या संसद भवनाच्या उद्घाटनाच्या वेळी ७५ रुपयांचे जे नाणे निघाले, त्याचे वजन ३५ ग्रॅम असून त्यात निम्मी चांदी, चाळीस टक्के तांबे आणि पाच-पाच टक्के निकेल व जस्त होते, तर कडेवर दोनशे खाचा होत्या. या खाचांचे मूळ प्रयोजन असे, की सोन्याचांदीच्या नाण्याची कड कोणी कानशीने घासून चोरून धातू काढला तर तो उघडा पडावा. जे नाणे पेटीतून बाहेरच येत नाही त्याची कड कोण घासणार, हे शासनच जाणे. साडेसतरा ग्रॅम चांदीचा त्या दिवसांतील बाजारभाव हजार रुपयांच्या वर जात होता, म्हणजे ७५चा शिक्का असलेल्या नाण्यात त्याच्या दहापटीहून अधिक किमतीचा धातू. अर्थशास्त्रात ग्रेशॅमचा नियम म्हणून जो ओळखला जातो, की हलके चलन हातोहात फिरते आणि चोख चलन लोक दडवून ठेवतात, त्याचा येथे प्रत्यय येण्याचीही सोय ठेवलेली नाही, कारण हे चलन टांकसाळच पेटीसह दडवून विकते. हौशी मंडळी आगाऊ मागणी नोंदवून आणि दर्शनी किमतीच्या अनेक पट रक्कम भरून ते घेतात. चकचकीत घासलेल्या चकतीवर घासून लखलखीत केलेल्या ठशाने पाडलेल्या नाण्याला 'प्रूफ' म्हणतात आणि त्यावर बोटाचा ठसा उमटला तरी त्याची किंमत उतरते, त्यामुळे ज्याने ते विकत घेतले त्यानेही त्याला हात लावू नये, अशी एकंदर व्यवस्था आहे.

हे नेहमीच असे नव्हते. पंडित नेहरूंच्या निधनानंतर १९६४ साली त्यांची मुद्रा असलेला रुपया निघाला, तो स्वतंत्र भारताच्या स्मारक नाण्यांचा आरंभ, आणि तो सरळ बाजारात आला. १९६९ साली गांधीजी पिवळ्या धातूच्या वीस पैशांवर आले, १९९० साली डॉ. आंबेडकर रुपयावर आले, १९९९ साली संत ज्ञानेश्वर रुपयावर आणि शिवछत्रपती दोन रुपयांच्या अकरा कोनी नाण्यावर आले, २००७ साली लोकमान्य टिळक पाच रुपयांवर आले. त्यांतील कोणाच्या विमोचनाला कोण उपस्थित होते हे आज कोणाला आठवत नाही, परंतु ही माणसे एसटी कंडक्टरच्या चामडी पिशवीत खुळखुळली, रेल्वे स्थानकावरच्या वजनकाट्याच्या फटीतून आत पडली, भाजीवालीच्या गोणपाटाखाली गेली आणि देवळाच्या दानपेटीत एकमेकांवर आपटली. स्मरण म्हणतात ते याहून वेगळे काय असते, हे स्पष्ट करण्याची जबाबदारी पेटीवाल्यांची आहे.

या सदराच्या लेखकाच्या घरी सुट्ट्या पैशांसाठी बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आहे. त्या डब्यात ज्ञानेश्वरांचा एक रुपया आहे. नाण्यावरील चेहऱ्याचा जो भाग सर्वांत उंच असतो तोच आधी झिजतो, या नियमाप्रमाणे त्यावरचे नाक आणि गाल सपाट झाले आहेत, कडेजवळची अक्षरे मात्र अंगठ्याला अजून लागतात, आणि पोलादाला मुळात नसलेला एक तेलकट करडेपणा त्यावर चढला आहे, जो किमान काही हजार बोटांखेरीज येत नाही. प्रूफ नाण्यांच्या व्यापाऱ्याच्या लेखी हा कचरा आहे.

पेटीतल्या नाण्यांचा सोस वाढत असताना हातातल्या नाण्यांचे काय झाले, याचे उत्तर कोपऱ्यावरच्या कोणत्याही दुकानात मिळते. दहाचे नाणे पुढे करावे तर 'हे चालत नाही' असे सांगून दुकानदार ते परत सरकवतो आणि सुट्ट्यांऐवजी दोन गोळ्या ठेवतो. दहाच्या नाण्यावर कधी या प्रसंगाची तर कधी त्या व्यक्तीची आठवण छापली गेल्याने एकाच किमतीची इतकी रूपे बाजारात आली की लोकांना त्यांतील बरीचशी खोटी वाटू लागली; दहा रेषांचे खरे आणि पंधरा रेषांचे खोटे, असे शास्त्रही पानपट्टीवर तयार झाले. अखेर जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेला जाहीर करावे लागले, की दहाच्या नाण्याचे चौदा नमुने निघालेले असून सर्वच्या सर्व वैध आहेत. त्यानंतरही या सदराच्या लेखकाचे दहाचे नाणे एकाच दुकानात तीनदा नाकारले गेले आणि चौथ्यांदा घेतले गेले, ते केवळ मागे रांग वाढली म्हणून.

मुळात विषय अहिल्याबाईंचा होता, आणि त्यांच्या नाण्याबद्दल बोलायचे तर त्यांच्या स्वतःच्या नाण्याबद्दल बोलणे अधिक सयुक्तिक. १७६७ ते १७९५ या त्यांच्या कारकिर्दीत महेश्वरच्या टांकसाळीत जो चांदीचा रुपया पडत असे, त्यावर त्यांची प्रतिमा नव्हती. फारसी मजकुरात नाव होते ते दिल्लीच्या शाह आलम बादशहाचे, ज्याची सत्ता तोवर नावापुरतीच उरली होती, आणि त्या मजकुराच्या मधे शिवलिंग आणि बेलाचे पान कोरलेले असे. बेलाचे पान दिसले की रुपया कोणाचा हे फारसीचा गंध नसलेल्या विणकरालाही कळे. त्या काळी प्रत्येक टांकसाळीच्या रुपयाचा कस वेगळा असल्याने सराफ तो आधी वाजवून पाही, त्यावर आपल्या खुणेचा बारीक ठसा मारी आणि परक्या रुपयावर ठरावीक रक्कम कापून घेई; या कपातीला बट्टा म्हणत, आणि एखाद्याच्या नावाला बट्टा लागतो असे आपण जे म्हणतो ते याच सराफकट्ट्यावरून आलेले आहे. त्या रुपयांतून घाटांच्या पाथरवटांची मजुरी भागली, सूत खरेदी झाले, धर्मशाळांचे शिधे निघाले. ज्या बाईने आपले तोंड नाण्यावर येऊ दिले नाही तिचे नाणे मध्य भारताच्या बाजारात चालत होते, आणि आता तिचे तोंड ज्या नाण्यावर आले आहे ते बाजारात न्यायची सोय नाही. सराफाच्या बट्ट्याचे वागणेही उलटे झाले आहे: पूर्वी तो दर्शनी किमतीतून वजा होई, आता तो तीत अनेक पटींनी मिळवला जातो.

अहिल्याबाईंच्या नावाने पाच किंवा दहा रुपयांचे साधे नाणे काढावे, आणि ते कोणत्याही व्यासपीठावर न नेता चौंडीच्या आठवडी बाजारात आणि महेश्वरच्या घाटावर पिशव्या भरून सोडावे, एवढी एक मागणी शासनाकडे नोंदवून ठेवण्यास हरकत नाही. तेवढ्यापुरता 'विमोचन' या शब्दावरचा आक्षेपही मागे घेता येईल. दरम्यान, ज्यांच्या घरी डब्याच्या तळाशी दोनचे शिवाजी किंवा पाचचे टिळक पडून असतील त्यांनी ते जपून न ठेवता दुकानात द्यावेत, आणि नाकारले गेल्यास रांग वाढेपर्यंत थांबावे. या सदराच्या लेखकाकडचा ज्ञानेश्वरांचा रुपया येत्या रविवारी एका लग्नात पाचशे एकच्या आहेरातला वरचा एक म्हणून जाणार आहे.