आय सेव्हन ऐकलं की आपण भुलतो

रोह्याहून भाच्याचा फोन आला. "मामू, आय सेव्हन मिळतोय, 28 हजारांत अख्खं मशीन. अम्मीला सांगा ना." त्याचे अब्बा कुवेतला. बहिणीने घरखर्चातून वर्षभर बाजूला टाकलेले 45 हजार, त्यातच डिप्लोमाची पुस्तकंही. दुसऱ्या दिवशी पेणहून गाडी पकडून गेलो.

दुकानात डबा उघडायला लावला. आत आय सेव्हन 4770, म्हणजे 2013 सालचा. दुकानदार खोटं बोलला नव्हता, फक्त पिढी सांगितली नव्हती. 'सात' म्हणजे त्या पिढीतला थोरला भाऊ, एवढाच अर्थ. 2022 च्या आय थ्री 12100 मध्येही तेवढेच 4 कोर आणि 8 थ्रेड आहेत. पण एकेक कोर इतका चपळ, की गेममध्ये हा धाकटा त्या थोरल्याला सहज मागे टाकतो. शिवाय विंडोज 11 च्या यादीत 4770 नाही आणि विंडोज 10 चा नियमित सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपलाय.

"मग आय नाईनच घेऊ," भाचा म्हणाला. त्याला आमच्या पेणचे गणपतीचे कारखाने आठवायला सांगितले. साच्यातून धडाधड मूर्ती निघताहेत आणि डोळ्यांची आखणी करणारा एकच, तर काय होणार? मूर्ती रांगेत पडून राहणार. प्रोसेसर साच्याचं काम करतो: कोण कुठे आहे, गोळी कुठे लागली, याचा हिशेब. रंगवतं ते ग्राफिक्स कार्ड. दोघांत जो हळू, त्याच्याच चालीने गेम चालणार. त्यात बहिणीकडचा जुना मॉनिटर 60 हर्ट्झचा; सेकंदाला 60 पेक्षा जास्त चित्रं तो दाखवतच नाही. मग आय नाईन कोणासाठी? 14900के तर पूर्ण जोरात 253 वॅटपर्यंत वीज खातो, वर आपल्याकडचा मे महिना. आणि 13व्या-14व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरमधल्या व्होल्टेजच्या बिघाडामुळे 2024 मध्ये खुद्द इंटेललाच वॉरंटी दोन वर्षांनी वाढवावी लागली होती.

माझं मत रायझन 5 5600जी वर गेलं. 6 कोर, 12 थ्रेड, 65 वॅट, आणि ग्राफिक्स आतच. आज कार्डाला पैसे नसतील तर हाच शहाणपणा. व्हॅलोरंट छान चालतो, जीटीए फाइव्ह सेटिंग उतरवून. फक्त रॅमच्या 8 जीबीच्या दोन पट्ट्या घ्या, एकच 16 ची नको. आतलं ग्राफिक्स रॅमवरच जगतं, एका पट्टीवर ते उपाशी राहतं. कार्ड आत्ताच घेणार असाल तर गोष्ट वेगळी, मग आय फाइव्ह 12400एफ बघा. पण त्या 'एफ' कडे लक्ष असू द्या! त्यात ग्राफिक्स नाही, कार्डाशिवाय पडदा काळाच.

प्रोसेसरच्या आकड्यावर आपण गाडीच्या नंबरप्लेटसारखे भाळतो, असं मला वाटतं. गल्फचा पैसा आलेल्या घरांत तर जास्तच.

उरलेल्या पैशांतून यूपीएस घ्यायला लावला. जून 2020 च्या निसर्ग वादळानंतरचा अंधार बहीण विसरलेली नाही, त्यामुळे तिला ते लगेच पटलं. तिने एवढंच विचारलं, "भाई, यावर याचं ऑटोकॅड चालेल ना?" चालेल म्हटलं. भाचा मात्र अजून फुगलेला आहे. मित्रांना सांगायला 'सात' नाही.